शेपटीचं दार

अनसिंग, जि. वाशिम
२ मार्च २०२५

चि. अमरदीप यास,
दादाचा सप्रेम जय भीम. वि. वि. आमी सारे खुशाल. तुही खुशाली आईच्या तोंडून रोज आयकतोच.

फोन असताना पत्र कायले, असं म्हनशील. अरे, फोनवर तुहं नाव दिसलं का आई माह्या हातून हिसकून घेते, मंग मले बोलाले भेटते कुठी? तू आग्र्याहून धाडलेला पेठा तिनं अख्ख्या मोहल्ल्यात मिरवला. मी तिले गुडघ्याच्या डाक्टरकडं वाशिमले नेतो-आनतो, ते कोनाले सांगतलं नाई.

आता बातमी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत यंदा ट्रॉलीवर विमानाचा देखावा हाय. वेल्डिंग माही. मंडळाचे पोट्टे म्हने, अमरदीपच्या वायुसेनेतलं मालवाहू करा. मी साफ नाई म्हटलं. हमाली करनारं विमान कायले? मी दुसऱ्या महायुद्धातलं जंगी बॉम्बर करून राह्यलो! चार इंजिनं, नाकाले काच, शेपटीत बंदूकवाला. तुहं विमान त्याच्यापुढं मालट्रक.

जळतो मी तुह्यावर, लपवत नाई. भरतीले दोघं संगं गेलो, माहे डोळे कमी पडले अन् तू उडाला. एकडाव तरी आईनं चारचौघांत माहं नाव घ्यावं, एवढंच पाह्यजे मले. पन गुडघ्यापायी ती यंदा मिरवणुकीत येनारच नाई म्हनते.

तब्येतीले जप. भांडलो तरी भाऊ हाय, हे ध्यानात ठेव.
तुहा दादा,
संघदीप


आग्रा
१४ मार्च २०२५

ती. दादास,
धाकट्याचा सविनय जय भीम. वि. वि. पत्र भेटलं. दोस्तायले वाचून दाखवलं, लय हासले.

हमाल म्हन, चालते. ताकदीत बॉम्बर बाप होता, मान्य. पन त्याचं दार पोटाले. ते उघडलं का जे पडते, ते कोनाच्या तरी घरावर पडते. आत मानसाले धड उभं राहता येत नाई. आमच्या विमानाचे पंख खांद्यावर, पोट जमिनीजवळ. शेपटीचं दार खाली टेकलं का उतरण तयार. जीप चढते, स्ट्रेचर चढते, गेल्या पुरात एक म्हातारी बकरीसकट चढली. अन् त्याच महायुद्धात काही बॉम्बरांतून सामानबी वाहिलं लोकायनं. त्यायले काय म्हनशील?

अन् जळाचं म्हनशील तर मीबी जळतो. आईच्या हातची गरम भाकर कोन खाते? दिवसभर शिव्या कोन खाते? मले ती फोनवर एकडावबी रागावली नाई. पाहुन्यावर कोन रागावते, दादा?

आईले नमस्कार सांग. सांगशील का खिशात ठेवशील, देव जाने.
तुहा,
अमरदीप


अनसिंग
३ एप्रिल २०२५

चि. अमरदीप,
सप्रेम जय भीम. वि. वि. बॉम्बर झाला. मंगरूळपीरचे लोकबी फोटो काढून गेले.

काल आई पाहाले आली. मी वाट पाहून राह्यलो का आता ती काही बोलन. तिनं आधी इचारलं, यात अमरदीप कुठी बसते. मंग इचारलं, पोटातून काय पडते. मी सांगतलं, बॉम्ब पडत, आमी फुलं पाडनार. मंग ती म्हने, मले बसता येईन का यात? पायी चालवत नाई, पन बसून मिरवणुकीत आली असती.

अरे, मानूस बसाची जागाच ठेवली नाई मी! आत साऱ्या लोखंडी पट्ट्या. तिनं ट्रॉलीवर पाय ठेवून पाह्यला, गुडघा वर जाईना. मंग घरी गेली.

तुह्या विमानाची तारीफ लिहू नको, मले आयकाची नाई. फकस्त एवढं कळव, ती शेपटीची उतरण किती लांब ठेवता, म्हंजे दुखऱ्या गुडघ्याचं मानूस चढते?

लवकर लिही. बाकी राग तसाच हाय.
संघदीप


अनसिंग
१६ एप्रिल २०२५

चि. अमरदीप,
सप्रेम जय भीम. वि. वि. उतरनीचं तुहं चित्र टायमावर भेटलं. बॉम्बरची शेपटी कापली. बंदूकवाला भंगारात गेला. आतल्या पट्ट्या काढल्या, मांगून उतरण लावली. आता समोरून बॉम्बर अन् मांगून तुहा मालट्रक, असं खिचडी विमान झालं.

आई पांढरं लुगडं नेसून, माहा हात धरून उतरनीवरून चढली. आत खुर्ची ठेवली होती. साऱ्या मिरवणुकीत तिनं बुंदी वाटली. चौकात मंडळाच्या पोट्ट्यानं माइकवर सांगतलं, हे अमरदीपचं विमान. माहं तोंडच उतरलं. तर आईनं त्याच्या हातून माइक घेतला अन् गावाले सांगतलं, हे माह्या संघदीपचं विमान हाय, अमरदीपच्या विमानात तर मी अजून पायबी नाई ठेवला!

घरी आल्यावर खुर्ची डुगडुगत होती म्हनून मले लय रागावली.

हे मुद्दाम सविस्तर लिहून राह्यलो. वाच अन् जळ थोडा. दिवाळीले ये, मंग दोघं मिळून शिव्या खाऊ.
तुहा दादा,
संघदीप