इमारतभर ऐकू गेलेली कॅसेट

मी, विद्याधर गोविंद नाबर, वय एकाहत्तर, राहणार एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व, हे मृत्युपत्र कोणी भरीस न घालता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीवर असण्याचाच हल्ली त्रास होतो.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी सीमा हिची. चुलतभाऊ हक्क सांगत आलेच, तर त्यांना चहा द्यावा, बाकी काही नाही.

२. पान्हे व पकडी, मी नोकरी केली त्या वालीवच्या वर्कशॉपात द्याव्यात. त्यातल्या काही तिथल्याच आहेत.

३. गाण्यांची डिस्क घरच्या नेटवर्कवर असते. सीमाने ती गाण्यांच्या सॉफ्टवेअरला जोडून दिली आणि मी जुन्या कॅसेटी न ऐकताच तीत उतरवल्या. ‘लायब्ररी इतरांना दिसू द्यावी’ या चौकटीत मी बरोबरची खूण केली. इतर म्हणजे आतल्या खोलीतला कॉम्प्युटर, असा माझा समज. पण इमारतीत घरोघरी एकाच केबलवाल्याची इंटरनेटची वायर आहे, म्हणजे सगळी घरे एकाच नेटवर्कवर. माझी लायब्ररी सगळ्यांकडे उघडली.

माझी पत्नी मंदा वारल्यानंतर शेजारी राहायला आलेली हिल्डा दारात येऊन म्हणाली, “काका, मंदाकाकींचा आवाज काय गोड होता हो.” मग तिने मान खाली घातली. सॉफ्टवेअरने गाण्यापुढे ‘अननोन आर्टिस्ट’ लिहिले होते, तेव्हा हिला नाव कळले कसे? नाव कॅसेटवर मीच घेतले आहे. मंदा गात असताना मागून मी ओरडतो, “मंदा, पुरे ते केकाटणं. चहा टाक.” मग पेटी मिटल्याचा आवाज येतो. पुढे ती घरात कधी गायली नाही. मला हे आठवतही नव्हते, त्याची लाज जास्त वाटते.

४. केबलवाल्याला मी जिन्यात नाही नाही ते बोललो. खूण माझी होती. सीमाने माझ्या वतीने त्याची माफी मागावी. मला तोंड दाखवणे जमलेले नाही.

५. डिस्क सीमाची. ‘अननोन आर्टिस्ट’ खोडून तिथे नुसते ‘मंदा’ लिहावे, पुढे माझे नाव लावू नये. सीमा म्हणते, “बाबा, तुमचा आवाज तेवढा कापून टाकते.” तो कापू नये. कापला तर मंदा मध्येच का थांबली, ते ऐकणाऱ्याला कळणार नाही.

सही: वि. गो. नाबर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार: हिल्डा पास्कल डाबरे
साक्षीदार: पास्कल जॉन डाबरे

वसई पूर्व, १४ सप्टेंबर २००८