गांधीलमाश्यांचं स्वप्न आणि आठ दिवस बंद लिफ्ट

सौ. विहीणबाई यांस,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. व्याह्यांचा खोकलाही थांबला असेल. विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. बाकी मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की हा तिसरा कागद आहे, आधीचे दोन पेन दाबून दाबून फाटले.

मला स्वप्न पडलं. आमच्या यांच्या डोक्यावर गांधीलमाश्यांनी पोळं केलंय आणि हे निवांत पेपर वाचतायत. मी हसत हसत लेकीला सांगितलं, तिने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते स्वप्नफळांचं पुस्तक काढलंत. काढलंत तर काढलंत, फळ मला सांगायचं. तुम्ही थेट यांना फोन लावून सांगितलंत, की डोक्यावर माश्या म्हणजे कर्त्या माणसावर गंडांतर, जपून राहा. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त्या करणारा माणूस जपून राहायचं म्हणजे काय करणार? हे अंथरुणात शिरले. पान्ह्यांची पेटी कोणाला द्यायची ते कागदावर लिहून काढलं (तुमच्या चिरंजीवांचं नाव पहिलं होतं, रविवारी खोडलं). इकडे समोरच्या इमारतीची लिफ्ट बंद, आणि लोक जिना चढता चढता मला शिव्या घालतायत.

रविवारी जावईबापू आले. मानसशास्त्र शिकवतात, म्हटलं सासऱ्यांची समजूत काढतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाबा, ते पुस्तक सोडा. स्वप्नातले किडे म्हणजे दाबून ठेवलेला राग. काही तज्ज्ञ तर म्हणतात, स्वप्न ही बघणाऱ्याची इच्छाच असते."

हे उठून बसले. "बघितलं कोणी?"

"आईंनी."

त्या दिवसापासून हे चहाचा पहिला घोट मला घ्यायला लावू लागले. चौतीस वर्षांचा संसार, विहीणबाई. तुमच्या पुस्तकाने मला विधवा केलं आणि तुमच्या मुलाने खुनी. स्वप्नाच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. यांनीच लिफ्टच्या मशीनच्या खोलीतलं गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं काढून डब्यातून घरी आणलं होतं, मला दाखवायला. (ते माझ्या पिठाच्या डब्यातून आणलं होतं, तेव्हा राग आला होता हे कबूल.)

शेवटी समोरच्याच इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या निवृत्त शाळामास्तरीण बाई आठव्या दिवशी धापा टाकत घरात आल्या आणि यांच्या उशाशी उभ्या राहिल्या. "माझ्या स्वप्नात झुरळं येतात, रोज. मी कोणाला मारलेलं नाही. मला भाजी वर न्यायचीय, उठा." हे उठले. मी खिडकीत उभी राहिले. लिफ्ट चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

तेव्हा माझ्या घरच्या स्वप्नांना यापुढे तुम्ही मायलेकांनी हात लावायचा नाही.

तुमची,
विहीण

ता. क. काल यांनाही स्वप्न पडलं. माझ्या खांद्यावर फुलपाखरू बसलं होतं म्हणे. सकाळी सांगताना चहा न तपासता प्यायले. पुस्तकात फुलपाखराचं काय दिलंय ते बघून लगेच कळवा. जावईबापूंना विचारू नका.

ता. क. दुसरा. वाईट दिलं असेल तरी चांगलंच लिहा. आमच्याकडे पत्रं हे फोडतात.