नसरीनचा पोलंड

५ सप्टें. २०००, मंगळवार
शिक्षकदिन. वर्ग दहावीच्या मुलींनी घेतले, आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो. तेवढ्यात मुख्याध्यापकांना गाठून विषय काढला. सिडनीचं ऑलिंपिक तोंडावर आलंय, नववी ब चा भूगोल पंधरवडाभर त्यावरूनच शिकवू द्या. एकेकाने एकेक देश घ्यायचा आणि तो आपला समजायचा. तिथली माणसं, भाषा, पिकं, भांडणं, खेळाडू. शेवटी क्रीडादिनाला देशांच्या पाट्या घेऊन संचलन.
मु.अ. म्हणाले, "पोर्शन मागे पडला नाही म्हणजे झालं." हे हो म्हणणंच आहे असं धरून चाललेय.
घरी ह्यांना सांगितलं. "तुला नसते उद्योग लागतात." सातपूरच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस. वाद घातला नाही.

८ सप्टें., शुक्र.
चिठ्ठ्या उचलल्या. वर्गात नुसता गलका. मंगलाला, आमच्या सुरगाण्याच्या हॉस्टेलवालीला, इथिओपिया. नसरीन शेखला पोलंड. तिने भिंतीवरच्या नकाशात तो शोधला आणि तास संपेपर्यंत तिथून हलेना.
प्रशांत सोनवणेला पाकिस्तान. चिठ्ठी उघडली, घडी घालून परत डेस्कवर ठेवली. त्याचे वडील फौजेत, देवळालीला. गेल्या वर्षी कारगिलला होते. हे मला माहीत होतं. चिठ्ठ्या करताना मात्र...
बदलून देते म्हटलं तर "नको बाई" म्हणाला.

११ सप्टें., सोम.
प्रशांतचे वडील आले. मूळचे नांदगावकडचे. खुर्ची दिली तरी बराच वेळ उभेच. आवाज अजिबात चढवला नाही.
"बाई, तुमी शिकवता ते चांगलंच हाय. पण आमच्या तुकडीतला एक पोरगा तिकडून परत आला नाय. त्याचा फोटो हाय आमच्या घरात. त्या फोटोखाली बसून माझा पोरगा त्यांचा झेंडा रंगवणार, हे मला जमायचं नाय."
म्हटलं, नाही रंगवायचा. ते "बरं" म्हणाले आणि गेले. मला वाटलं होतं समजावून सांगेन, शांतता वगैरे. एक शब्द आठवला नाही.
मु.अ.ना कळलंच. "पाकिस्तान गाळून टाका. कोण बघतंय?"

१३ सप्टें., बुध.
काल गणपती उठले, आज निम्मा वर्ग पेंगत होता. वर्गाला सांगितलं, प्रशांत तो देश घेणार नाही, दुसरं कोण घेतं?
मागच्या बाकावरून, अगदी सहज, "बाई, नसरीनला द्या ना."
कुणी हसलं नाही. चिडवायचं म्हणून नव्हतंच ते. मुलांना खरंच वाटलं की सोपा मार्ग सापडला. त्याचीच भीती वाटली.
नसरीन उभी राहिली. "मला पोलंड आलाय. मला पोलंडच पाहिजे."
"पोलंड तुझाच," मी म्हटलं. "पाकिस्तान मी घेते."
कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्हाला चालतं?" चालतं म्हटलं. जेवताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पाटी धरून मैदानात फिरणार? तू?"

१५ सप्टें., शुक्र.
दुपारी हॉलमध्ये टीव्ही. उद्घाटनाचा सोहळा. वीज गेली नाही, नशीब. दोन्ही कोरिया एका झेंड्यामागे चालत आले. मुलांना सांगितलं, हे दोघं लढलेत, अजून सरहद्दीवर बंदुका आहेत, घरंच्या घरं दोन्हीकडे वाटली गेलीत.
मंगलाने विचारलं, "बाई, दोघांची भाषा एकच हाय?"
"एकच."
"मंग भांडतात कशाला?"
वर्ग हसला. पण मी तो धागा धरला. घरी कोण काय बोलतं ते सांगा म्हटलं. मंगलाची डोंगरातली कोकणी निघाली, गोव्याची नव्हे ती, नसरीनची उर्दू, एकाची सिंधी, दोघांची अहिराणी. माझं माहेर सटाण्याचं, मीही चार वाक्यं अहिराणीत बोलून दाखवली. पोरं बाकांवर लोळली. खूप दिवसांनी असा तास झाला.

२३ सप्टें., शनि.
शनिवारची सकाळची शाळा. चालण्याच्या शर्यतीत पोलंडला सुवर्ण. चालण्याचीही शर्यत असते हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. नसरीनने व्हरांड्यात चालून दाखवलं, कंबर हलवत, हात कोपरात वाकवून. तिच्यामागे सगळी रांग तशीच. मु.अ. ऑफिसच्या दारात येऊन बघत राहिले, रागावले नाहीत.
वाचनालयातून तिने आणखी एक शोधून आणलंय. महायुद्धाच्या वेळी पोलंडची बायकापोरं कोल्हापूरजवळ छावणीत राहिली होती, चांगली काही वर्षं. मलाही ठाऊक नव्हतं. "बाई, म्हणजे ते आपल्याकडे पाहुणे होते." तिला त्याचा फार अभिमान. भारताच्या बाईला वजन उचलण्यात ब्राँझ मिळालं तेव्हाही सगळ्यांत मोठ्याने हीच ओरडली होती, हेही इथे लिहून ठेवते.
माझा पाकिस्तानचा तास झाला. सिंधूचं खोरं, कालवे, कापूस, हॉकी. प्रशांत खाली मान घालून बसला होता. पण वही उघडी होती.

२६ सप्टें., मंगळ.
आज वाईट झालं.
हॉकी. भारत-पोलंड. जिंकलो तर सेमीफायनल. शेवटची काही मिनिटं बघायला मुलांना हॉलमध्ये सोडलं. एक-शून्य आपण पुढे. संपतच आलं होतं आणि पोलंडने गोल केला. एक-एक. आपण बाहेर.
हॉलमध्ये सन्नाटा. त्यात एक आवाज, मुलाचा, "नसरीनने टाळी वाजवली."
मग सगळीकडून. वाजवली, मी पाहिली. यांचं असंच असतं. "यांचं" म्हणजे कुणाचं, मी विचारलं.
प्रशांत म्हणाला, "मी तिच्या मागेच होतो. मला नाही ऐकू आली."
नसरीन उभी राहिली. "वाजवली. एकदाच वाजली. मग भारत आठवला." मग माझ्याकडे बघून, "बाईंनीच सांगितलं होतं, तो देश आपला समजा."
खरं आहे. मीच सांगितलं होतं. पाकिस्तान घेऊन मी तिला सांभाळल्यासारखं करत होते, आणि हे कुठून आलं तर पोलंडकडून.
वर्गाला म्हटलं, तिने मी सांगितलं तेच केलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा. मुलं गप्प राहिली. गप्प म्हणजे पटलं असं नाही, हे एवढ्या वर्षांत कळतं.

२९ सप्टें., शुक्र.
नसरीन तीन दिवस नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले, जुन्या नाशकात. खाली तिच्या अब्बांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान, वर घर. अम्मीने चहा दिला आणि आत गेली.
अब्बा म्हणाले, "तुमची नीयत साफ आहे बाई, ती तुमचं खूप सांगते. पण भारत-पाकिस्तान मॅच असली की मी दुकान लवकर बंद करतो. कोणीही जिंको. ते पोरीला माहिताय. आता पोलंडच्या मॅचलाही बंद करायचं का?"
मी चहा पीत राहिले.
घराजवळच्या उर्दू शाळेत घालावं असं अम्मीचं म्हणणं. दिवाळीनंतर. अजून नक्की नाही. "तिथं कोणी विचारणार नाही, टाळी कशाला वाजवली."
जिन्यात नसरीन भेटली. शाळेला ये म्हटलं. "येते. पण पाटी धरणार नाही. कुठलीच नाही." मग हळूच, "मला शंभर मीटरला पळायचंय. माझं नाव घ्याल?"
घेते म्हटलं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, या तीन आठवड्यांत तुला काय हवंय असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

४ ऑक्टो., बुध.
नसरीन कालपासून येतेय. मंगलाच्या शेजारी बसते, दोघी फारसं बोलत नाहीत.
मु.अ.चा निर्णय: झेंडे कुणाचेच नाहीत, फक्त नावांच्या पाट्या. पाकिस्तानचं म्हणाले, "तुमची जबाबदारी." ठीक.
पोलंड कोण धरणार विचारलं. प्रशांत म्हणाला, "मी धरतो. माझ्याकडे नाहीतरी काही नाही." वडिलांना विचारलंस का? "सांगितलं. पोलंड म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत."

६ ऑक्टो., शुक्र.
क्रीडादिन. उद्या दसरा, म्हणून पालक कमी. संचलन झालं. पाकिस्तानची पाटी घेऊन मी सगळ्यांत शेवटी. दहावीच्या रांगेतून हुर्यो आली, एका पालकाने तोंड फिरवलं. मैदान एवढं मोठं आहे हे आजच कळलं. माझ्या पुढे मंगला होती, मधेच मागे वळून "बाई, चला" म्हणाली, तेवढं पुरलं.
शंभर मीटर. नसरीन दुसरी आली. आमच्या वर्गातले काहीजण तिच्या नावाने ओरडले. सगळे नाही. टाळीचं बोलणारा मुलगा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याशी अजून बोलले नाही. बोलायला हवं.
तिचे अब्बा फाटकापाशी आले होते, दुकान उघडं टाकून. ती धापा टाकत त्यांच्याकडे गेली, त्यांनी रुमालाने तिचं तोंड पुसलं. मी जवळ गेले. विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं, "दिवाळीनंतर येईल ना?"
त्यांनी नसरीनकडे पाहिलं. ती बुटाची लेस सोडत होती, वर बघितलं नाही.
"बघू बाई," ते म्हणाले. "आज तर आली."