सुगतचं मशीन आणि पत्र्याचा डब्बा

३ मार्च २०२५, सोमवार

आज एका मुलीला रिकाम्या हातानं परत पाठवलं. दिवसभर तेच डोक्यात आहे.

आचल नाव तिचं. मूळची मोर्शीची, अमरावतीत ॲनिमेशन शिकते, गाडगेनगरला खोली करून राहते. सकाळच्या एसटीनं अकोल्याला आली, फक्त आमचं मशीन, माझा भाऊ सुगत बनवतो तो कॉम्प्युटर, बघायला! तिचा लॅपटॉप एप्रिल लागला की तापून बंद पडतो. सरांनी सांगितलं म्हणे, उन्हात टिकणारं मशीन पाहिजे तर अकोल्याच्या सुगतकडे जा. तासभर तिनं सगळं विचारलं — पंखे किती, आवाज किती, व्हिडिओ बनवायला वेळ किती. जाणकार पोरगी. मग किंमत विचारली. मी सांगितली.

तिनं मशीनच्या पुढच्या काचेवर हात ठेवला. म्हणाली, "याच्याहून लहान नाई का ताई?"

मी नाही म्हटलं. ती थँक्यू म्हणून गेली. सोनाराच्या दुकानातून लोक नुसता भाव विचारून उतरतात ना, तशी पायऱ्या उतरली.

जेवताना सुगतला म्हटलं, आपण एक स्वस्तातलं मॉडेल काढू. त्यानं मान वर न करता नाही म्हटलं आणि भाजी मागितली.

४ मार्च

बोलत नाही मी त्याच्याशी. आई म्हणते, "दोघंबी चाळिशीले आले अन् कॉम्प्युटरवरून भांडून राहिले. लोकं जमिनीवरून भांडतात."

९ मार्च, रविवार

अबोला संपला. मीच संपवला, कारण मला वाद घालायचा होता.

सुगतचं म्हणणं नीट लिहून ठेवते. उद्या चिडले तर वाचता येईल. तो म्हणतो, नऊ वर्षांपूर्वी तो या पत्र्याच्या शेडमध्ये एकटा बसायचा. तेव्हा मे महिन्यात अकोल्यातली सगळी मशीनं दुपारी मान टाकायची. त्याचं चालायचं. त्यावर नाव झालं. नागपूरचे आर्किटेक्ट, लग्नाचे स्टुडिओ, सोनोग्राफीवाले डॉक्टर दुकानाची पाटी न बघता "सुगतचं मशीन" म्हणून मागतात. मोठ्या मोठ्या कंपन्यांनी स्वस्त मॉडेल काढली आणि लोक त्या नावाला हसायला लागले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. "त्यायच्या कंपनीचं नाव गेलं ताई. इथं माह्यं सोताचं नाव हाय. आईनं ठेवलेलं."

मी म्हटलं, आज जो लहान घेईल तो उद्या कामाला लागल्यावर मोठं घेईल. आणि उन्हात बंद न पडणारं मशीन फक्त लग्नाच्या स्टुडिओलाच का मिळावं? आचलचं ऊन काय वेगळं आहे?

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं. स्वस्त करतो. काय कापू सांग."

हिशेब, फोन, पार्सल — इतकी वर्षं मी हेच केलं. मशीन उघडं असलं की मी लांबून बघते. आत काय असतं ते नावानं माहीत, हातानं नाही.

१० मार्च

काय कापायचं याची यादी करत बसले. काच — कापा. रंगीत दिवे — कापा. बाहेरून येणारी भारी पेटी — कापा. वीज पुरवणारा भाग — हात लावायचा नाही. पंखे — हात लावायचा नाही. मेमरी कमी, पण पुढे वाढवता येईल अशी.

सुगतनं यादी वाचली. लाल पेन मागितलं नाही, म्हणजे पटली. फक्त म्हणाला, स्वस्त पेटी पापडासारखी असते, पंखा लागला की थरथरते. ती नको. मग दुसरी कुठली, ते त्यालाही माहीत नाही.

१७ मार्च, सोमवार

आज काहीतरी सापडलंय. सुगतला अजून सांगितलं नाही.

घरचा कूलर दुरुस्तीला घेऊन नत्थुजींच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे लिंबाखाली चार माणसं आणि ठोकाठोकी. उन्हाळा तोंडावर, त्यामुळे कूलरच्या पत्र्याच्या बॉड्यांची रांग लागलेली. तिन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या, हवा आत यावी म्हणून. मी उभी राहून बघतच राहिले. मशीनला तरी आणखी काय लागतं? गार हवा आत, गरम हवा बाहेर. नत्थुजी तीस वर्षं हेच बनवतायत!

मी त्यांना हातानं माप दाखवून म्हटलं, एवढी लहान बॉडी करून द्याल का? पाण्याची टाकी नको, फक्त पट्ट्या.

नत्थुजी हसले. "एवढासा कूलर? चिमन्यायसाठी हाय का बाई?"

२० मार्च

डब्बा आला. सुगत इतका हसला की खुर्चीवरून उठला. त्यानंच नाव पाडलं — डब्बा. पण हसून झाल्यावर हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा कापला. रक्त चोखत म्हणाला, "कड आतून दुमडा म्हना त्यायले."

म्हणजे दुसरा डब्बा करायचा आहे!

२ एप्रिल

तिसरा डब्बा. आता सुगत स्वतःच नत्थुजींकडे जातो. काल दोन तास होता. एक पट्टी किती अंश तिरपी हवी यावर दोघं वाद घालत होते म्हणे, आणि नत्थुजींनी त्याला "तू काल आला रे पोरा" म्हणून गप्प केलं. सुगतला असं बोलणारं कोणी भेटलं याचा मला फार आनंद झाला.

आजपासून परीक्षा. एकसारखेच भाग मोठ्या पेटीतही घातले आणि डब्ब्यातही. दोन्ही मशीनं शेडमध्ये, छताचा पंखा बंद, दार लावून. तीन दिवस चालवायचं.

५ एप्रिल, शनिवार

डब्बा आठ अंशांनी गार.

सुगतनं आकडा तीनदा बघितला. मग मोठ्या पेटीची पुढची काच काढून बाजूला ठेवली आणि दुपारभर पुन्हा चालवलं. तेही गार झालं. म्हणजे काच हवा अडवत होती. बंद पडण्याइतकी नाही, पण अडवत होती. ती काच त्याची कल्पना होती. तीन वर्षांपूर्वी लावली, दिसायला देखणी म्हणून, आणि त्या काचेपायी आम्ही भाव वाढवला.

जेवला नाही. मी जिंकले खरी. आईनं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. संध्याकाळी शेडमधून ठोकाठोकी ऐकू आली. बघते तर मोठ्या पेटीच्या काचेच्या जागी नत्थुजींची जाळी बसते का, ते बघत होता.

१४ एप्रिल

जयंती! चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सुगत पांढऱ्या सदऱ्यात नाचला. आई खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसली. मशीन या विषयावर आज कोणी बोललं नाही. काचेचा विषय काढणं म्हणजे उगाच त्याला चिमटा काढल्यासारखं झालं असतं.

२२ एप्रिल, मंगळवार

पहिला पूर्ण तयार डब्बा घेऊन मी आणि सुगत अमरावतीला गेलो. आचलची खोली चौथ्या मजल्यावर, वर गच्चीच. दुपारी दोन वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसला. सुगतला हेच पाहिजे होतं. म्हणाला, इथं चाललं तर कुठंही चालेल.

तिनं स्वतःचा जुना मॉनिटर, जुना कीबोर्ड जोडला. दोन्ही ती वापरतेच, मग आम्ही नवे कशाला द्यायचे? कौंडण्यपूरच्या यात्रेवरची छोटी फिल्म तिनं केलीय — पाळणे, नदी, मुरमुऱ्यांचे ढीग, सगळं हातानं काढलेलं. त्या चित्रांचा सलग व्हिडिओ बनवायला मशीनला लावलं आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून टरबूज खाल्लं. लॅपटॉप अर्ध्यात बंद पडायचा. डब्बा थांबला नाही. फिल्म पूर्ण झाली. आचलनं ती पहिल्यापासून लावली आणि आम्हाला दाखवली.

येताना सुगतनं बडनेऱ्याला चहा घेतला. मग म्हणाला, "डब्ब्यावर आपलं नाव लावू."

३० एप्रिल

खुशालराव आले होते. नागपूर-अमरावतीत त्यांचे पाच स्टुडिओ. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दर हंगामाला त्यांचीच ऑर्डर पहिली.

बाकावर डब्बा दिसला, त्यावर सुगतचं नाव दिसलं. बसलेच नाहीत. म्हणाले, त्यांच्या काउंटरवर ते आमचं मशीन मुद्दाम समोर ठेवतात, नवरदेवाचा बाप ते बघून भाव करत नाही. उद्या तेच नाव कॉलेजच्या पोरीच्या खोलीत दिसलं तर त्यांनी काय दाखवायचं? "सुगतभाऊ, एक ठरवा. हे तरी ठेवा, नाहीतर मले तरी."

मी सुगतकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं तो डब्बा उचलून आत ठेवेल. मीही अडवलं नसतं.

तो म्हणाला, "तुमच्या मशीनची काच काढून जाळी बसवून देतो, फुकट. आठ अंश गार होईन. पन डब्बा राहीन."

खुशालराव उठले. म्हणजे उभेच होते, गेले. जाळीही नको म्हणाले.

२ मे

हंगामाची ऑर्डर गेली. मी हट्ट धरला नसता तर? सुगतला विचारलं, तुला राग येतोय का. म्हणाला, येऊन राहिला, पण तुझा नाही, काचेचा.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो. आईनं खीर केली. आणि दिवसभर फोन!

आचलनं तिची फिल्म कॉलेजात दाखवली. शेवटी श्रेयनामावलीत कॅमेऱ्याच्या जागी लिहिलं — डब्बा, अकोला. तिच्या वर्गातली अर्धी मुलं डब्बा मागतायत. परतवाड्याचा एक शिक्षक मागतोय. दर्यापूरच्या प्रणाली नावाच्या बाई, पत्रिका छापतात, त्या दोन मागतायत. खीर खाता खाता मी नावं लिहीत होते, वहीवर खिरीचे डाग.

२१ मे

आनंद जरा उतरला. सुगत एकेका डब्ब्यालाही तितकाच वेळ देतो — तीन दिवस. घाई जमत नाही त्याला. एका आर्किटेक्टचं मोठं मशीन रखडलं. डब्बेवाले रोज विचारतात. काल त्यानं पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला.

आज शांत होता. म्हणाला, "एका हातानं दोन्ही होत नाही ताई. तू बस."

मला वाटलं, फोनवर बस म्हणतोय. तो खुर्ची सरकवून उठला आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

२४ मे

बोर्डावरच्या दोन पिना वाकवल्या. रडू आलं. सुगतनं भिंग आणलं आणि सुईनं सरळ करायला शिकवलं. एक सरळ झाली. दुसरी तुटली. तो बोर्ड आता शिकायचा बोर्ड. आई डोकावून म्हणाली, "पहिली भाकर कोनाची गोल झाली वं?"

१ जून, रविवार

आज एक डब्बा पूर्ण माझा. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्यापर्यंत. बाहेर चव्वेचाळीस अंश, शेडमध्ये त्याहून जास्त. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा उजळला. सुगतनं खोलून बघितलं. एक वायर सोडून पुन्हा बांधायला लावली. मग दर्यापूरच्या प्रणालीबाईंचं नाव पार्सलवर लिहिलं.

नंतर दोघं बाजेवर बसलो होतो. त्यानं एकदम विषय काढला. म्हणाला, त्याच्या नावाखाली डब्बा कायम लहानच राहील. लोक त्याला सुगतचं स्वस्त मॉडेल म्हणतील. कोणी त्याला त्याच्या स्वतःच्या मापानं मोजणार नाही. "खुशालराव चुकीच्या कारनानं बोलले, पन एक गोष्ट बरोबर बोलले. दोन वेगळ्या चीजा हायेत या. डब्बा तू काढला. नाव तुह्यं लाव. अन् इथं नको. मांगनारे सारे अमरावतीत हायेत."

मी म्हटलं, मला हाकलतोस का?

"हो," म्हणाला. आणि हसला.

आईला सांगितलं. तिनं फक्त विचारलं, तिथं जेवायचं काय करशील.

१४ जून, शनिवार

अमरावतीच्या राजापेठेत गाळा मिळाला. लहान आहे, खिडकी मोठी आहे. भाडेकरारावर व्यवसायाचा रकाना होता. आधी मनात आलं, हिशेब आणि पार्सल. मग लिहिलं — संगणक तयार करणे.