घरभर पचनसंस्था

३ मे, सकाळ
नात विज्ञानात नापास. सोळा तारखेला फेरपरीक्षा. त्यातही गेली तर तेच वर्ष पुन्हा. सूनबाई शिकवणी शोधत होती. म्हटलं, मी बसलोय की घरात! रेडिओ दुरुस्ती मी नुसत्या आकृत्या बघून शिकलो. डोळ्यांनी पाहिलेलं मी विसरत नाही. घोकंपट्टी बंद, आजपासून चित्रपद्धत.

४ मे
अख्ख्या घराची पचनसंस्था केली. दार म्हणजे तोंड. बोळ अन्ननलिका. फ्रीज जठर. कपड्यांची दोरी लहान आतडं. शेवट कुठे, ते सांगावं लागलं नाही. पोरगी आपणहून हसली. जागोजागी रंगीत चिठ्ठ्या, पक्का गोंद. मग तिला डोळे मिटायला लावून फिरवलं: अन्न दारातून आलं, चपला काढल्या, बोळातून पुढे... दोनदा ठेचकाळली. प्रगती उत्तम.

७ मे, दुपार
घात! हिने फ्रीज खिडकीशी सरकवला. माणसाचं जठर असं कुणी सरकवतं का, विचारलं. तर म्हणे, अहो, तुमच्या जठरात दूध नासलंय, आधी ते बघा. आता नातीचं अन्न बोळातून थेट खिडकीबाहेर.

१० मे
सूनबाईने विचारलं, बाबा, लहान आतड्यावर टॉवेल टाकला तर चालेल ना? टोमणा. यकृताला जागा शोधण्यात दिवस गेला. शेवटी सापडली. अशी झकास जागा, की जन्मात विसरणार नाही.

१३ मे
नात आजीबरोबर कपड्यांच्या घड्या घालते, आजी पुस्तक उघडं ठेवून प्रश्न विचारते. घोकंपट्टी, माझ्या नाकावर टिच्चून! असू दे. पोरीला विरंगुळा हवाच.

१६ मे
पेपर झाला. आल्या आल्या ओरडली, आजोबा, पचनसंस्था आली, पाच मार्कांना! मी सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

२४ मे
पास! पस्तीस लागत होते, अडतीस पडले. वर्ष वाचलं. डोळ्यांत पाणीच आलं.
पचनसंस्थेला पाचपैकी शून्य. लिहिलं होतं, 'अन्न दारातून आत येते व चपला काढते.' पुढे बाईंचं लाल उद्गारचिन्ह. नात गळ्यात पडून म्हणाली, आजोबा, त्या चपला काही डोक्यातून जाईनात. म्हणजे लक्षात राहतंच की! बाकीचे मार्क घड्यांचे, असं सूनबाईचं मत.

संध्याकाळ
चिठ्ठ्या खरवडायचं काम माझ्याकडे. भिंतीच्या रंगासकट निघताहेत. सगळ्या निघाल्या, एक सोडून. यकृत कुठे लावलं होतं, काही केल्या आठवेना.