‘सरल’चं ‘सरळ’ करणाऱ्या भावास

स्नेहलतागंज, इंदूर
रविवार

आदरणीय पंचशीलजी यांस,

इंदूरहून तुमच्या थोरल्या बहिणीचा, प्रभावतीचा, सप्रेम (हा शब्द रीत म्हणून लिहिलाय) जय भीम. नाशिकला घरची मंडळी खुशाल असतील. तुमची ॲसिडिटी बरी असेल तर चांगलंच आहे, आणि नसेल तर मला आज फार वाईट वाटणार नाही. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मजेत कोणीच नाही. आणि ‘आदरणीय’ न् ‘जी’ वाचून हुरळून जाऊ नकोस, पंच्या! जन्मात कधी तुला जी म्हटलं नाही, आज म्हणतेय ते गुस्स्याने. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच ‘ताई, गुस्सा नाही, राग म्हण’ करत बसतोस आणि माझं बोलायचं राहूनच जातं. कागदाला उलट बोलता येत नाही. मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

आमची संबोधी आणि संघदीप पलासियाला एकाच बँकेत आहेत आणि त्यांनी आपसात ठरवलंय, हे तुला ठाऊक आहे. आमचा होकार झाला होता. अडलं होतं ते फक्त संघदीपच्या आईपाशी, तुमच्या नाशिकच्या विशाखाताईंपाशी. बाई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, नवरा नाही, मुलगा एकुलता, आणि मुलाने साफ सांगितलेलं की आई हो म्हणेल तरच लग्न. त्या आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, मुद्दाम घर न् मुलगी बघायला आल्या. त्यांचे वडील महूला पलटणीत होते. सुट्टी मिळाली की ते इंदूरला यायचे, राजवाडा बघायचे आणि नदीपाशी समाध्यांच्या दगडी छत्र्यांच्या सावलीत बसायचे, हे बाईंनी लहानपणी इतकं ऐकलेलं की त्यांना ते सगळं पायी चालून बघायचं होतं. अट एकच. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा चढ नको. (आता तू म्हणशील, इंदुरात कसला चढ? पलासियात गाडीतून फिरणाऱ्यांना असंच वाटतं. जुन्या शहरात नदीच्या बाजूला ये आणि पायांनी चाल, म्हणजे कळेल.)

इथे फिरायला जाणाऱ्या मंडळींनी एक हिंदी पर्चा काढलाय, जुन्या शहरात पायी कुठून कुठे जावं, कोणता रस्ता सरल, कोणता कठिन. मी म्हटलं, पाहुण्या बाई नाशिकच्या, मराठीच्या, त्यांना मोठ्या अक्षरात मराठी करून द्यावं. करून झालं आणि मला दुर्बुद्धी सुचली: एकदा पंच्याला दाखवू. शेवटी तू मराठीचा मास्तर, आणि माझी मराठी म्हणजे, तुझ्याच शब्दांत, हिंदीला नऊवारी नेसवलेली. मी लिहिलं होतं, ‘चौक आला की सरल रस्ता घ्यावा (डावीकडे)’. सरल! म्हणजे सोपा! शेंबडं पोरगंही सांगेल. तू काय केलंस? ‘इंदूरवाल्यांची जीभ ळ म्हणायला वळतच नाही’ असं लिहून, पुढे तो दात काढणारा पिवळा चेहरा चिकटवून, माझ्या ल चा ळ केलास. वर ‘कंस म्हणजे लेखकाचा आळस’ म्हणून डावीकडे उडवून टाकलंस. (हे बघ कंस. हा आणखी एक. काय करायचं ते कर.) राहिलं काय, तर ‘चौक आला की सरळ रस्ता घ्यावा’. आणि मी भोळी, भावाने तपासलंय म्हणून न वाचता तसाच प्रिंट काढला.

अरे, चौकातून सरळ गेलं की तोच तर कठिनवाला रस्ता आहे! गल्ली अशी वर चढते की भाजीवालासुद्धा खाली गाडी लावून ओरडतो आणि वरच्या बायका दोरीने पिशवी सोडतात. मधे पायऱ्या, त्याही एकीसारखी दुसरी नाही.

शनिवारी निघालो तेव्हा सगळं छान चाललं होतं. राजवाडा बघून बाईंचे डोळे भरून आले. पुढे बर्तन बाजारात मी एका पितळी डब्यापाशी थांबले (त्यांच्यासाठीच घेत होते, माझ्यासाठी नाही), हे जिलेबी बांधून घ्यायला उभे, आणि संबोधी विशाखाताईंचाच फोन घेऊन कुठल्याशा जुन्या झरोक्याचे फोटो काढत होती. बाई म्हणाल्या, ‘मी होते पुढे, कागद आहे ना माझ्याकडे.’ आम्हाला वाटलं, बरं झालं, बाईंना हुरूप आलाय. आम्ही मागून डावीकडे वळून छत्र्यांपाशी पोचलो, चादर अंथरली, पोह्यांचा डबा उघडला, थर्मास काढला. बाईंचा पत्ता नाही. हे म्हणतात, ‘येतील, पुढे तर होत्या.’ (या माणसाच्या शांतपणाचं मी काय करू, तूच सांग.) पोहे गार झाले. मग संबोधीने माझ्या हातातला दुसरा कागद ओढून वाचला आणि किंचाळलीच, ‘आई, इथे सरळ लिहिलंय!’ पोरगी चपला हातात घेऊन पळाली. आम्ही दोघं मागून, पण माझे गुडघे काही तुझ्या व्याकरणावर चालत नाहीत, मी चौकातच थांबले. तिथला पानवाला म्हणतो, ‘मैंने तो रोका था आंटीजी को, बोलीं कागज पे सीधा लिखा है।’ मुख्याध्यापिकाच त्या! छापील अक्षर सोडून पानवाल्याचं कशाला ऐकतील?

मग आम्ही खालूनच हाका मारल्या. ‘विशाखाताई, चुकलात! खाली या!’ आम्हाला बघून चौकातले चार भिया लोक (इथे सगळे भैया ‘भिया’च) मदतीला आले आणि तेही ओरडायला लागले, ‘चुकलात, चुकलात!’ (अर्थ न कळता, पण अगदी मनापासून.) वरून उत्तर नाही. बऱ्याच वेळाने दोघी पलीकडच्या रस्त्याने ई-रिक्षात बसून आल्या. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. घरी बिनसाखरेचा चहा घेतला आणि एकच विचारलं, ‘कागद कोणी लिहिला?’ आमचे हे हरिश्चंद्र लगेच म्हणाले, ‘प्रभावतीने.’ मी म्हटलं, लिहिला मी, पण सुधारला माझ्या भावाने. त्या ‘अस्सं’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ‘विचार करून कळवते’ म्हणून नाशिकच्या गाडीत बसल्या. मुलीच्या आईला ‘विचार करून कळवते’ या शब्दांचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

तेव्हापासून संबोधी माझ्याशी बोलत नाही. डबा भरते, हो-नाही म्हणते, निघून जाते. पोरीचं ते फिरवलेलं तोंड बघवत नाही रे. आणि तू? तुला मेसेजवर एवढंच कळवलं की कागद चुकला, तर म्हणतोस, ‘पण ताई, व्याकरणदृष्ट्या माझं काही चुकलेलं नाही.’ आग लागो तुझ्या व्याकरणाला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण तुझं. माझी मराठी खिचडी असेल, पण त्या खिचडीने आजवर कोणाला चढावर नेऊन टाकलेलं नाही. एका अक्षरापायी माझ्या लेकीचं लग्न मोडायला आलंय. आता तरी उंटावरून खाली उतर, शहाण्या!

तुझी (बदलता येत नाही म्हणून)
ताई,
प्रभावती

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. विशाखाताईंचं घर तुझ्यापासून लांब नाही. हे पत्र मिळाल्याबरोबर उठायचं, त्यांच्याकडे जायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ‘ताईची काही चूक नाही, चूक माझी.’ ल न् ळ यावर भाषण द्यायचं नाही. जाताना द्राक्षं ने, व्याकरण घरी ठेव. तुझ्यापुढे मी कधी पदर पसरला नाही, पंच्या, आज पसरतेय.

ता. क. दुसरा. थांब. संबोधी मागे उभी राहून हे सगळं वाचत होती आणि खुदकन हसली. विशाखाताईंनी घरी पोचल्या पोचल्याच संघदीपला होकार कळवलाय! ही सांगत का नव्हती, तर आम्ही दोघं खाली उभे राहून गावभर ‘चुकलात’ ओरडत होतो, त्याची तिला शरम वाटली म्हणून. वर पोचली तेव्हा बाई एका घराच्या ओट्यावर रडवेल्या होऊन बसलेल्या. हिने ना ‘चुकलात’ म्हटलं, ना ‘चला’ म्हटलं. खालच्या पायरीवर बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि त्या स्वतःहून उठेपर्यंत गुडघा चेपत राहिली. बाईंनी मुलाला सांगितलं, खाली बसून पोहे खाल्ले असते तर ही मुलगी मला कळली नसती. मी जरा रडले. पण म्हणजे माझ्या लेकीचं लग्न तुझ्या ळ ने जमवलं! हसतोयस ना? खबरदार! होकार आला म्हणून चूक बरोबर होत नाही. माफी मागायला जायचंच आहे. आणि वरचा सगळा राग जसाच्या तसा कायम समजावा, मी तो एवढी पानं भरून हाताने लिहिलाय.

ता. क. तिसरा. (पत्र टाकायचं राहिलं, तोवर हॉलही ठरला.) विशाखाताईंचं म्हणणं आहे की पत्रिका अगदी शुद्ध मराठीत हवी. इथे कोणाला येते? मजकूर सोबत जोडलाय, तपासून लगेच पाठव. हॉलच्या पत्त्याला हात लावलास तर याद राख.