घराण्याची चांदी

प्रिय रसिका,

समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही. तुझ्या स्वयंपाकघराचा दिवा माझ्या खिडकीतून दिसतो, हाक मारली तर तुला ऐकूही येईल. पण आपण बोलत नाही त्याला आता दुसरी दिवाळी येईल, आणि मला जे सांगायचंय ते अर्ध्यावर तुटलेलं चालणार नाही. तू मध्ये बोलतेस. पहिल्यापासूनच बोलायचीस. कागद वाचताना तेवढं तुला जमणार नाही.

इंद्रलोक सोसायटीत आपण दोघी एकाच वर्षी राहायला आलो. तू परळहून, मी गिरगावातून. ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून भाजीलासुद्धा जोडीने जायचो. त्या दिवशी सराफाकडे माझी जुनी जोडवी मोडायला गेलो होतो, आठवतंय? त्याच्या तराजूत एक तुपाची पळी पडली होती, लांब दांड्याची, टोकाला पोपट कोरलेला. "भाभी, ये तो गलाने का माल है, आप क्या करोगे?" असं तो म्हणाला आणि तू त्याच्याशी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या गुजरातीत अशी काही भांडलीस की त्याने कंटाळून ती देऊन टाकली. त्या पळीने आपल्याला वेड लावलं. मग श्रीखंड वाढायचे चमचे, वरणाचे डाव, एका पारशी घरातला मासे वाढायचा रुंद चपटा चमचा. भट्टीत जाण्याआधी गाठायचं, एवढाच आपला नियम. पालीच्या गोदूबाईंनी सासूचा डाव आपल्या हातात ठेवला तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या! "घे गो बाय, पोरांना याची काय किंमत न्हाय. तुमी तरी घासून ठेवाल." आपण दोघी परतीच्या बसमध्ये रडलो होतो, आणि मग आपल्याच रडण्याला हसलो होतो.

माझ्या घरात तेव्हा सासूबाईंचा पलंग होता, जागा नव्हती. तुझ्याकडे काचेचं कपाट होतं. म्हणून सगळं तुझ्याकडे राहिलं. दसऱ्याच्या आधी मी टूथपावडर घेऊन यायचे, वर्तमानपत्रं पसरून आपण घासत बसायचो. कोणतं कोणाचं, हे कधी विचारायची वेळच आली नाही.

फक्त माझ्या गिरिजाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं माझ्याकडे असायचं. ते आपण विकत घेतलेलं नव्हतं. गिरिजाच्या बारशाला माझ्या आईने चिपळूणहून आणलेलं, तिच्या आईचं. चोच जरा वाकडी होती, दूध डाव्या गालावर ओघळायचं, आणि गिरिजा जीभ बाहेर काढून ते पकडायची. ती गेली तेव्हा तिला बसताही येत नव्हतं. त्यानंतर मी ते साडीत गुंडाळून ठेवलं. माझ्या नवऱ्यालाही पुन्हा दाखवलं नाही. तुला दाखवलं होतं, एकटीला. तू ते पदराने पुसून परत माझ्या हातात ठेवलं होतंस. म्हणून तर सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं आणि तू म्हणालीस, "मृणाल, बोंडल्याशिवाय हे सगळं अपुरं दिसेल गं, दोन दिवसांसाठी दे," तेव्हा मी दिलं.

त्या संध्याकाळी मी मागच्या रांगेत बसले होते. तू पैठणी नेसून माइकपुढे उभी राहिलीस आणि सांगितलंस की ही सगळी चांदी तुझ्या सासरची, रोह्याच्या घराण्याची. गोदूबाईंचा डाव तुझ्या आजेसासूबाईंनी पंगतीत वरण वाढायला वापरलेला. सराफाकडची पळी सासूबाईंनी मरताना तुझ्या हातात दिलेली. आणि मग तू बोंडलं उचललंस. "ह्यातूनच माझे सासरे दूध प्यायले आणि माझा निकेतही," म्हणालीस. कोणीतरी मोबाइलवर सगळं चित्रण करत होतं. लोकांचे डोळे पाणावले, रसिका. तू चांगलंच बोलतेस.

मला वाटलं, ओघात बोलून गेली असेल. तू मंचावरून उतरल्यावर मी हळूच म्हटलं, बोंडलं घरी नेते. तेव्हा सगळ्या बायका तुझ्याभोवती होत्या. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, अगदी मायेने, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "मृणालचं बाळ गेलं ना, तेव्हापासून तिला असं होतं. लहान मुलाची कुठलीही वस्तू तिला स्वतःची वाटते." बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर अजून जिन्यात, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात माझ्या मागे असते. त्या रात्री माझा नवराही म्हणाला, जाऊ दे, एका भांड्यासाठी किती ताणतेस. गिरिजा गेल्यावर त्याने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याला काय दोष देऊ?

तू ते चोरलंस, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण तू माझ्या लेकीच्या मरणाचं लोढणं करून माझ्याच गळ्यात घातलंस. ते मी गिळणार नव्हते.

मी आरडाओरडा केला नाही. वर्षभर वाट पाहिली. मग सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं तुझ्या भाषणाचं ते चित्रण तुझ्या मोठ्या जाऊबाईंना पाठवलं. आशाताईंचा नंबर निकेतच्या मुंजीपासून माझ्याकडे होता. खाली एवढंच लिहिलं: "तुमच्या घराण्याची चांदी पाहून धन्य झाले. आपले अभिनंदन." यात मी स्वतःचं काही रचलं नव्हतं. जे काही खोटं होतं ते तुझ्या तोंडचं होतं. ज्या बाईने रोह्याला तुझ्या सासूचं हगणंमुतणं काढलं आणि जिला शेवटी तुम्ही दोघांनी सांगितलंत की म्हातारीजवळ एक चमचादेखील नव्हता, तिने ते चित्रण बघितलं तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. मला तेच हवं होतं.

आशाताई दोन्ही मुलांना घेऊन आल्या. तुझ्या दारातलं बोलणं माझ्या खिडकीत ऐकू येत होतं. तू शपथा घेत होतीस, "अहो ताई, ती सगळी बाजारातून घेतलेली आहे," आणि त्या एकच विचारत होत्या, "मग माइकवर कोण बोलत होतं?" जाताना त्यांनी बोंडलं तेवढं उचललं. उरलेलं घेऊन जायला रविवारी टेम्पो आणते म्हणाल्या. मी त्या दिवशी पुरणपोळी केली. माझ्या नवऱ्याने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, सहज.

काल तुझे यजमान, परागभावजी, आले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "वहिनी, आशावहिनींचा आमच्यावर विश्वास राहिला नाही. तुम्ही येऊन सांगा की चांदी तुम्ही दोघींनी जमवली. बोंडलं तुमचंच आहे हे रसिका कबूल करेल. फक्त हे घरातल्या घरात राहू दे." मी म्हटलं, उत्तर लिहून पाठवते. ते हे.

मी येणार नाही. मला माहीत आहे, मी एक वाक्य बोलले तर गिरिजाचं बोंडलं उद्या माझ्या हातात असेल. रात्रभर मी त्याच एका गोष्टीशी झगडले. पण सकाळी आशाताईंनी त्यांच्या नातीचा फोटो पाठवला. ती पोर बोंडल्याने दूध पितेय, आणि ते डाव्या गालावर ओघळतंय. त्यांना माहीत नाही ते कोणाचं आहे. मी सांगणारही नाही. ते मी सोडलं, रसिका. तुझ्या हातून परत घेण्यापेक्षा सोडलं. तुला बाकीची चांदी हवी असेल तर वाट सोपी आहे. पुन्हा हॉल घे, त्याच बायकांना बोलाव, तीच पैठणी नेस आणि माइकवर सांग की तू खोटं बोललीस, कशाबद्दल आणि कोणाबद्दल. आशाताई ऐकतील. ते जमणार नसेल तर स्टेशनजवळ स्टीलचे चमचे चांगले मिळतात.

तुझीच,
मृणालिनी